लग्नसराईतली साखर

दिवाळीचे आकाशकंदील उतरले की हुबळीच्या बाजारात साखरेचे हत्ती येतात. पांढरे, पिवळे, गुलाबी. हत्तींच्या शेजारी उंट, पोपट, घोडे, देवळाचं गोपूर, तुळशीवृंदावन. लाकडी साच्यात पाक ओतून काढलेल्या या बाहुल्यांना इथं सक्करी गोंबी म्हणतात. कार्तिकी पौर्णिमेला, म्हणजे इकडच्या गौरी हुण्णिवेला, मुली त्या ताटात मांडतात, मधे निरांजन ठेवतात आणि संध्याकाळी देवळात आरती घेऊन जातात. आम्ही मराठी बोलणारी माणसं. पण इतक्या पिढ्या इथं काढल्यावर कुठला सण आपला आणि कुठला त्यांचा हे कोण निवडत बसणार? धारवाडला आमच्या लहानपणी आरती संपली की बाहुल्या फोडायच्या आणि हत्तीची सोंड कुणी खायची यावरून भावंडांत भांडण ठरलेलं असायचं.

काल ऑफिसातून निघून कोप्पीकर रोडवर आले, तर एका गाड्यावर हे हत्ती रांगेनं उभे होते. हवेत नुकता गारवा आलेला, शेजारी कुणीतरी मिर्ची भजी तळत होतं, आणि त्या तेलाच्या वासातही साखरेचा तो कोरडा, किंचित वेलदोड्याचा वास मला ओळखू आला. मी नुसतीच उभी राहिले. आमच्या अनघाचं लग्न झालं तो दोन वर्षांपूर्वीचा हिवाळा तिथं, त्या गर्दीत, मला सगळाच्या सगळा आठवला.

अनघा आमची एकुलती एक. त्या वर्षी दसऱ्याला तिचं लग्न ठरलं. मुलगा धारवाडचा, मंदार, चांगल्या घरातला. मुहूर्त माघातला निघाला. मी पतसंस्थेत नोकरीला आहे. दिवाळीच्या सुट्टीआधी आमच्या ऑफिसात सगळ्यांची रक्ततपासणी झाली, आणि सुट्टी संपवून परत गेले तर माझ्या टेबलावर रिपोर्ट येऊन पडला होता. दोन आकड्यांपुढं चांदण्या होत्या.

उणकलला आमच्या घरापासून थोड्या अंतरावर एक डॉक्टरीणबाई बसतात. फार बोलत नाहीत. त्यांनी रिपोर्ट दोनदा वाचला.

"शुगर झालेली नाही," त्या म्हणाल्या, "पण काठावर आहात. ही तीन महिन्यांची सरासरी बघा, सहा पॉइंट तीन. साडेसहाला आम्ही डायबेटीस म्हणतो. घरात कुणाला आहे?"

"आईला होता."

"गरोदरपणात तुमची वाढली होती?"

"अनघाच्या वेळी. नंतर उतरली."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "इथनं मागं फिरता येतं. सगळ्यांनाच जमतं असं नाही, पण येतं. तुमची ही दोन कारणं आहेत म्हणून मी रात्रीच्या जेवणानंतर एक छोटी गोळी देते. पण गोळी एकटी काही करणार नाही. ताटात काय वाढून घेता ते बदलायला लागेल. आणि एक मशीन घ्या, घरी बघायला."

"आमच्याकडं लग्न आहे हो," मी म्हणाले. जसं काही लग्न आहे म्हटल्यावर त्या सूट देणार होत्या.

"मग तर आजच सुरू करा," त्या म्हणाल्या.

घरी येताना रिक्षात मला आई आठवत होती. माझी आई धारवाडला मुलींच्या शाळेत गणित शिकवायची. तिलाही पहिल्यांदा कुणीतरी "थोडी शुगर आहे" एवढंच सांगितलं होतं, आणि तिनं त्यातला फक्त "थोडी" हा शब्द धरून ठेवला. वर्षानुवर्षं ती तो शब्द सगळ्यांना सांगत राहिली. माझं लग्न झालं तेव्हा तिची नजर अधू झालेली होती. मी नेसून तयार होऊन तिच्यापुढं आले, तेव्हा तिनं पदर हातात घेऊन जरीवरून बोटं फिरवली आणि विचारलं, "रंग कुठला घेतलाय गं?" हिरवा, मी म्हणाले. "चांगला असणार," ती म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता. रडू मला नंतर, सासरी पोचल्यावर आलं. उणकलच्या रस्त्यावर त्या रिक्षात मी ठरवलं की माझ्या मुलीची साडी मी माझ्या डोळ्यांनी बघणार, आणि तिच्या मुलांची शाळेची पुस्तकंही वाचून दाखवणार. तसं पक्कं ठरवल्याचं मला आयुष्यात फार कमी वेळा आठवतं.

माझा नवरा सुधीर गोकुळ रोडला एका कारखान्यात सुपरवायझर आहे. त्याला सांगितलं तर तो म्हणाला, "काठावर म्हणजे नाहीच की. लग्न होऊ दे, मग बघू." त्याचा हेतू मला धीर द्यायचाच होता. त्याची मोठी बहीण कमलअक्का मात्र घाबरली. ती धारवाडला माळमड्डीत राहते आणि आमच्या घरातलं कुठलंही कार्य तिच्याशिवाय हलत नाही. ती मला स्वयंपाकघरात घेऊन गेली आणि हळू आवाजात म्हणाली, "हे बघ, व्याह्यांच्या कानावर जाऊ देऊ नकोस. तुझ्या आईला होती, आता तुला आली, उद्या पोरीला येईल म्हणतील. मशीन-बिशीन कपाटात ठेव. माघापर्यंत गप बस."

ती वाईट बाई नाही. लग्न मोडलेली घरं तिनं बघितली आहेत.

मशीन आणलं, पण बोटाला सुई टोचायचं धैर्य मला होईना. अनघानं माझा हात मांडीवर घेतला. लहानपणी मी तिची नखं कापायची तशी ती माझं बोट धरून बसली होती. "बोटाच्या मधोमध नाही टोचायचं, कडेला. कमी दुखतं," ती म्हणाली. तिनं हे सगळं आधी वाचून ठेवलं होतं. टिच् असा आवाज झाला, रक्ताचा थेंब वर आला, पट्टीनं तो ओढून घेतला, आणि आम्ही दोघी त्या छोट्या पडद्याकडं निकाल लागायची वाट बघत बसावं तशा बघत राहिलो. एकशे अठरा. सकाळच्या, उपाशीपोटीच्या आकड्याला शंभराच्या आत यायचं होतं. "येईल," अनघा म्हणाली.

मग गौरी हुण्णिवे आली. इकडं लग्न ठरलेल्या मुलीला सासरहून साडी आणि साखरेच्या बाहुल्या आणायची रीत आहे. मंदारची आई, शकुंतलाबाई, दोन मोठी ताटं घेऊन आल्या. आतापर्यंत बघितले नव्हते एवढे मोठे हत्ती, आणि मधे हातभर उंचीचं गोपूर. ओटी भरून झाली. शेजारणी जमल्या होत्या. शकुंतलाबाईंनी एका पोपटाचा तुकडा मोडला, आधी अनघाच्या तोंडात घातला आणि दुसरा माझ्यापुढं धरला.

"तगोरी, घ्या विहीणबाई."

कमलअक्का माझ्याकडं बघत होती. तो तुकडा एवढासाच होता. तोंडात टाकला असता तर विषय तिथंच संपला असता. पण लपवायला एकदा सुरुवात केली की मग मला पुढच्या प्रत्येक घरी लपवायला लागणार होतं, आणि लपवलेलं दुखणं माझ्या आईच्या घरात मी वाढताना बघितलं होतं.

"मी तो हातात घेते, पण खात नाही," मी म्हणाले. "मला शुगर व्हायच्या बेतात आहे. डॉक्टरांनी गोळी दिलीय. माझ्या आईला होता डायबेटीस, डोळे गेले होते तिचे. तुम्हाला हे माहीत असावं, म्हणून सांगते."

अनघा माझ्या अगदी जवळ येऊन उभी राहिली. शकुंतलाबाईंनी तो तुकडा परत ताटात ठेवला.

"आमच्या घरात किती जणांना आहे ते मंदारनं सांगितलं नाही वाटतं," त्या म्हणाल्या. "त्याच्या वडिलांना आहे, दोन्ही काकांना आहे. माझ्या सासूबाई इन्सुलिन टोचून घेत घेत नव्वदीला पोचल्या." मग म्हणाल्या, "बरं झालं तुम्ही बोललात. मी हे सगळं कसं सांगायचं म्हणून घाबरले होते."

त्या संध्याकाळी देवळात आरती नेताना वाऱ्यानं निरांजन दोनदा विझलं आणि शकुंतलाबाईंनी दोन्ही वेळा ते स्वतःच्या हातानं लावलं. कमलअक्का मात्र माझ्याशी बोलली नाही.

मला वाटलं होतं, अवघड भाग झाला. पण खरी अवघड होती ती केळवणं. लग्नसराईत आमच्या हुबळी-धारवाडला माणसं प्रेम करतात ती वाढूनच. आज मामांकडं, परवा शेजाऱ्यांकडं, रविवारी ऑफिसातल्या मैत्रिणीकडं. शेंगांची होळगी म्हणजे दाण्यांच्या कुटाची पोळी, पुरणाची होळगी, कडबू, त्यावर तुपाची धार, वर धारवाडी पेढे. आणि नको म्हटलं की सगळीकडं एकच वाक्य ऐकू यायचं: "एनू आगूदिल्ल, तगोरी." काही होत नाही, घ्या. मला नंतर त्या वाक्याचंच नवल वाटायला लागलं. काय होतं आणि काय होत नाही, हे वाढणाऱ्याला कुठून कळणार? ते होतं आत, हळूहळू, आवाज न करता. पण वाढणाऱ्या बाईच्या चेहऱ्यावरची माया खरी असते, म्हणून ताटावर आडवा धरलेला हात मागं घ्यावासा वाटतो. भूक आवरणं त्यामानानं सोपं होतं.

मी माझी एक रीत बसवली. घरातून निघताना थोडी कोशिंबीर, मोड आलेली मटकी खाऊन निघायचं. तिथं गेल्यावर आधी भाजी, कच्ची मेथी, वांगं, मग एक भाकरी, भात नावाला. यजमानीणबाईला जेवायच्या आधीच सांगून टाकायचं, म्हणजे ताटावर बसल्यावर ओढाताण नको. आणि जेवून दोन तासांनी बोट टोचायचं. मशीननं मला बरंच शिकवलं. मी ज्वारीच्या भाकरीला देव मानायची. पण भाकऱ्या दोनावर गेल्या की आकडा चढायचा. ऑफिसातला बिनसाखरेचा चहा काही करायचा नाही, त्याच्याबरोबरची चार बिस्किटं करायची. रात्री झोप नीट झाली नाही, तर काही न खाताही सकाळी आकडा वर असायचा. पन्नाशी ओलांडली तरी या शरीराशी माझी फारशी ओळख नव्हती, ती त्या हिवाळ्यात झाली.

गोळीनं पहिल्या आठवड्यात पोट बिघडवलं. साड्यांच्या दुकानात गाद्यांवर बसून शालू बघताना मला दोनदा उठून जावं लागलं. दुकानदार ताटकळला, अनघा लाल झाली. डॉक्टरीणबाईंना फोन केला तर त्या म्हणाल्या, "भरल्या पोटी घेताय ना? आठ दिवस धीर धरा. नाही थांबलं तर या, पण मनानं बंद करू नका." थांबलं.

आणि एकदा मी हरलेही. मार्गशीर्षातल्या एळ्ळ अमावास्येला, रानात जेवायच्या सणाला, मामेभावाच्या शेतावर गेलो होतो. काळ्या रानात जोंधळा कमरेच्या वर आलेला, हरभऱ्याला घाटे धरलेले, ऊन कोवळं. घोंगडीवर बसून जेवताना मी शेंगांच्या दोन होळग्या खाल्ल्या. कुणी आग्रह केला नव्हता. मला हव्या होत्या म्हणून खाल्ल्या, आणि त्या फार सुंदर होत्या. दोन तासांनी तिथंच बांधावर मशीन काढलं. एकशे शहाण्णव. मला वाटलं, झालं, गेलं सगळं पाण्यात. सुधीरनं तो आकडा बघितला आणि पहिल्यांदाच "काही होत नाही" म्हणाला नाही.

"चल, रानातनं एक चक्कर मारून येऊ," तो म्हणाला.

आम्ही बांधाबांधानं पार ओढ्यापर्यंत चालत गेलो. परत येऊन टोचलं तर आकडा बराच खाली आला होता. सुधीर यंत्रांमधे वावरणारा माणूस. डोळ्यांसमोर काटा उतरलेला दिसला की त्याला पटतं. दुसऱ्या दिवसापासून रात्रीचं जेवण झालं की तो चपला घालून दारात उभा राहायला लागला. उणकलच्या तळ्याकडेनं आम्ही चालायचो. पाण्यावर दिव्यांचे लांब पट्टे पडलेले असायचे, पलीकडं हमरस्त्यावरून बस जात असायच्या. लग्नाच्या इतक्या वर्षांत आम्ही दोघंच असे रोज कधी चाललो नव्हतो. एकदा तो म्हणाला, "पोरगी गेल्यावर घरात काय करायचं गं आपण?" हा प्रश्न त्याच्या मनात आहे हे मला ठाऊकच नव्हतं. मी म्हणाले, "चालू की असंच." तो हसला.

माळमड्डीचं केळवण राहिलं होतं. कमलअक्कानं मुद्दाम माझ्या आवडीचा बेत केला होता, आणि मी पुरणपोळीला नको म्हणाले. तिनं पोळी तशीच धरून ठेवली.

"आमच्या घरचं तुला चालत नाही म्हण की. विहिणीपुढं शहाणपणा केलास, आता इथंही."

अनघा काहीतरी बोलणार होती, मी तिला थांबवलं. "अक्का, तुमच्या घरात मी तीस वर्षं जेवतेय," मी म्हणाले. "अजून तीस वर्षं जेवायचंय. म्हणून आज नको म्हणते."

तिनं पोळी परत डब्यात ठेवली. मला भाकरी वाढली, वांग्याची भाजी वाढली, पण त्या दिवशी ती शेवटपर्यंत घुश्शातच होती.

लग्न माघात झालं. अनघानं हळदी रंगाची साडी नेसली होती, लाल काठाची. अंतरपाट खाली आला तेव्हा तिनं आधी मंदारकडं बघितलं आणि लगेच मला शोधलं. पंगतीत मी बसले तर वाढपी जिलबीची परात घेऊन समोर. मी हात आडवा करणार एवढ्यात मागून कमलअक्काचा आवाज आला, "तिला वाढायचं नाही. ती खात नाही." तो बिचारा दचकून पुढं गेला. नंतर बासुंदीवालाही तिनं तसाच परतवला. माझ्याकडं एकदाही न बघता ती माझ्या मागं उभी होती. चेहरा अजून रुसलेलाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी घर शांत होतं. ओट्यावर लाडवांचे, चिरोट्यांचे डबे रचलेले. अनघाच्या खोलीत तिचा जुना स्वेटर खुंटीला होता. तोपर्यंत बहुतेक वेळा तीच माझं बोट धरायची. मी मशीन घेऊन तिच्या पलंगावर बसले, बोटाची कड शोधली आणि टोचलं. जागरणांनी आकडा वर होता. मी तो बघितला, पट्टी टाकून दिली आणि उठले. लाडू वाटून टाकले. दुपारी जेवून एकटीच तळ्यापर्यंत जाऊन आले.

पंधरवड्यानं तीन महिन्यांचा रिपोर्ट आला. पाच पॉइंट नऊ. मी पेढे वाटावेत अशा आनंदात डॉक्टरीणबाईंपुढं बसले होते.

"छान," त्या म्हणाल्या. "असंच चालू ठेवा."

"कधीपर्यंत?"

त्यांनी मान वर केली. "हे संपत नाही हो. तुम्ही सोडलंत तर ते पुढं जाणार."

मी थोडी खट्टू झाले, खरं सांगते. मनात कुठंतरी मी माघापर्यंतचीच मुदत धरून चालले होते. पण घरी चालत येताना वाटलं, स्वयंपाक तरी कुठं संपतो? पाणी भरणं, अंगण झाडणं, मुलांची काळजी, यातलं काय संपतं? आपण रोज करतो, म्हणून ते आपलं होतं. तेव्हापासूनचा हा दुसरा हिवाळा. आकडा कधी सहाला टेकतो, कधी खाली येतो. साडेसहा त्यानं बघितलेले नाहीत. गोळी डॉक्टरीणबाईंनी मधे एकदा बंद केली, मग परत सुरू झाली. सुधीरच्या कारखान्यात त्याचा चहा आता वेगळा, बिनसाखरेचा येतो.

काल गाड्यावरून मी एक हत्ती विकत घेतलाच, शेजारच्या मुलीच्या आरतीसाठी. आणि आज सकाळी अनघाचा फोन आला. तिला सहावा महिना लागलाय. काल दवाखान्यात तिला ग्लुकोजचं पाणी पाजून रक्त तपासलं.

"रिपोर्ट चांगला आलाय, आई," ती म्हणाली. "पण पुढच्या महिन्यात परत बघू म्हणाल्या डॉक्टर. घरात कुणाला डायबेटीस आहे का विचारत होत्या."

"मग काय सांगितलंस?"

"सांगितलं, आजीला होता. आईला व्हायला बघतोय, पण तिनं अजून होऊ दिलेला नाही."

मी म्हणाले, "बरं सांगितलंस," आणि फोन कानाला तसाच धरून भाकरीचं पीठ मळायला घेतलं.